जुन्या पद्मिनीचा दुरुस्ती-इतिहास कसा काढायचा? (१९८८, वाई)

धोम_धरण
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात एक प्रीमियर पद्मिनी घेतली. नोंदणी ऑक्टोबर १९८८, नंबर अर्थातच एमएचच्या आधीच्या मालिकेतला. वाईच्या एका निवृत्त गुरुजींची गाडी. गुरुजी आता नाहीत, मुलगा पुण्याला असतो, त्याच्याकडून घेतली.

गाडी चालू आहे. गिअर स्टिअरिंगलाच, चारही पडतात. सायलेन्सरमधून निळा धूर येतो आणि ऑइल पिते. पुण्यातले एक मिस्त्री बघून म्हणाले, "इंजिन उतरवा, बोअर करा, रिंग-पिस्टन नवीन घाला." (बोअर म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून घासून मोठे करणं.) गुरुजींचा मुलगा मात्र शपथेवर सांगतो की इंजिन आजवर कधी उघडलेलंच नाही.

खर्च करायच्या आधी मला या गाडीचं आजवर काय काय झालंय ते समजून घ्यायचं आहे. सर्व्हिस बुक वगैरे काही नाही. आरसी बुक आहे (जुनं, पुस्तकाचं), एका पिशवीत पीयूसी, विम्याचे कागद, दोन-तीन बिलं आणि गुरुजींची एक पेट्रोलची वही. एमपरिवहनवर नंबर टाकला तर "रेकॉर्ड सापडत नाही" येतं. सुरुवात कुठून करू?

पेठेतला_पुणेकर
सुरुवात नाना पेठेतून करा. पार्ट मिळतील तेवढे घ्या आणि सगळं नवीन टाका. ३५+ वर्षांच्या गाडीचा इतिहास काढून काय तिची जयंती करायची आहे?

उद्यमनगर_वाला
पुणेकर, असं नसतंय हो. मागं काय झालंय ते कळलं तर पुढं काय करायचं नाही तेही कळतंय.

धोमभाऊ, इंजिन उतरवू नका एवढ्यात. आधी मला सांगा, धूर कधी येतोय? सकाळी स्टार्ट केल्यावर भसकन येऊन थांबतोय, का चढाला दाबल्यावर सतत येतोय? पहिलं असंल तर व्हॉल्व्ह गाइडकडं बघा. दुसरं असंल तर पिस्टनच्या रिंगा.

आणि कॉम्प्रेशन टेस्ट करा (सिलिंडरमधला दाब मोजायची), दोनदा. एकदा कोरडी. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून परत. ऑइल सोडल्यावर आकडा वर गेला तर गळती रिंगांकडून. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह नाहीतर गॅस्केट. आमच्या कोल्हापुरात उद्यमनगरात पोरं पहिल्या आठवड्यात शिकतात हे.

जर्सीकर
इकडे अमेरिकेत १७ आकडी व्हीआयएन टाकला की कारफॅक्सवर मागचे मालक, अपघात, मीटरचं रीडिंग असं बरंच निघतं. तुमच्या गाडीचा चेसिस नंबर त्या पद्धतीचा नसणार, त्यामुळे ती वाट बंदच. पण इकडेही ज्याची नोंद कुणी केली तेवढंच दिसतं. कोपऱ्यावरच्या गॅरेजात रोखीने केलेलं डेंटिंग कारफॅक्सला कुठून कळणार?

सर्व्हेअर_काका
मी २५ वर्षं मोटर क्लेमचे सर्व्हे केले, आता निवृत्त आहे. कागदांपासून सुरुवात करू.

एमपरिवहनवर न दिसण्याचं कारण साधं आहे. इतक्या जुन्या गाड्यांची नोंद आरटीओच्या रजिस्टरात शाईने केलेली आहे, वाहन प्रणालीत ती 'बॅकलॉग एंट्री' करून चढवावी लागते. तुमच्या गाडीची झाली नसेल, किंवा झाली असेल तर नंबर टाइप करण्यात घोळ असेल. आरटीओत चौकशी करा.

आरसी बुकाचं पान न् पान वाचा. हस्तांतरण, कर्जाचा बोजा, पत्ताबदल, रंगबदल, गॅस किट, इंजिन बदलणे या सगळ्याच्या नोंदी त्यात येतात. शिक्क्याखालचं अस्पष्ट हस्ताक्षर भिंग घेऊन वाचायचं.

दुसरं, खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, मग दर पाच वर्षांनी पासिंग. म्हणजे तुमच्या गाडीचं २००३, २००८, २०१३, २०१८ आणि २०२३. आपल्याकडे लोक पासिंगच्या तोंडावर गाडी रंगवतात, पत्रा मारतात. कुठलंही मोठं काम झालं असेल तर या वर्षांच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत शोधा.

तिसरं, विमा. पॉलिसीवर नो क्लेम बोनस किती आहे ते बघा. क्लेमशिवाय पहिलं वर्ष गेलं की २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५०. एखाद्या वर्षी तो अचानक शून्यावर आला असेल तर आदल्या वर्षी क्लेम झालाय किंवा पॉलिसी ९० दिवसांहून जास्त लॅप्स राहिली आहे. मात्र हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुन्या गाडीवरचा ५० टक्के माणूस नव्या गाडीवर घेऊन जातो. त्यामुळे '५० टक्के एनसीबी आहे, म्हणजे गाडी ठोकलेली नाही' असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका. आणि नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर त्यातून काहीच कळत नाही.

धोम_धरण
काका, खूप आभार. सगळ्या पॉलिस्या थर्ड पार्टीच निघाल्या. :(

आरसी बुक: पहिली मालक मुंबईतली एक खासगी कंपनी. १९९४ मध्ये गुरुजींच्या नावावर, पत्ता वाई. चार पासिंगचे शिक्के आहेत, पाचव्याचा वेगळा कागद जोडला आहे. रंगाच्या रकान्यात 'आकाशी' लिहिलंय. गाडी क्रीम रंगाची आहे!

छताच्या अस्तराची कड थोडी उचलली, तिथे खरंच आकाशी दिसतो. आणि डाव्या पुढच्या मडगार्डवर दोन बुजवलेली भोकं आहेत.

शंकासुर
मुंबईची गाडी, रंग बदललेला, डाव्या मडगार्डवर भोकं. अहो, टॅक्सी आहे ही! मीटर तिथेच बसवायचे. कंपनीबिंपनी सगळं बनाव. तुम्हाला काळी-पिवळी विकली बघा.

सर्व्हेअर_काका
शंकासुर, घाई नको. टॅक्सी असती तर आरसीवर वाहनाचा वर्ग खासगी नसता, परमिट असतं आणि खासगी करताना वर्ग बदलल्याची नोंद असती. शिवाय अस्तराखाली आकाशी सापडलाय, पिवळा नाही. टॅक्सीचं छत पिवळं असायचं, आणि दाराच्या चौकटीत, डिक्कीच्या झाकणाच्या आतल्या कडेला तो रंग कुठे ना कुठे उरतोच. ती भोकं मला रेडिओच्या एरियलची वाटतात. कंपनीची गाडी होती, रेडिओ असणारच.

पेठेतला_पुणेकर
मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. तेव्हापासून ज्याला त्याला प्रत्येक पद्मिनीत टॅक्सी दिसायला लागली आहे.

लाल_माती
रत्नागिरीहून हजर. धोमराव, पुढच्या सीटखालचं कार्पेट उचला आणि मातीचा रंग सांगा. आमच्याकडच्या गाड्यांत तांबडी धूळ शिवणीत जाऊन बसते, किती धुवा. तांबडी निघाली आणि जोडीला पत्रा खालून सालीसारखा सुटत असेल, तर गाडी समुद्राजवळ राहिलेली आहे, कोण काही सांगो. मळीचा सलग थर आणि सीटच्या पट्ट्यांवर एका उंचीपर्यंत गंज असेल तर पुराचं पाणी. २००५ च्या २६ जुलैनंतर मुंबईतून अशा किती गाड्या बाहेरगावी विकल्या गेल्या ते सर्व्हेअर काका सांगतील.

धोम_धरण
उचललं कार्पेट. माती तांबडी! पण पत्रा ठणठणीत, जॅक लावायच्या जागाही. पुराची रेघ कुठे नाही. मग कोकणात कधी गेली ही?

घाटपायथा
कोकण कशाला? महाबळेश्वर-पाचगणीची मातीही तांबडीच. जांभ्याचं पठार आहे ते. गुरुजी वर नोकरीला होते का विचारा.

ताळेबंद
मी इथे एरवी फक्त वाचते, पण पेट्रोलची वही म्हटल्यावर राहवेना. पेशाने अकाउंटंट आहे. धोमदादा, पानांचे फोटो टाकाल का? मी एक्सेलमध्ये भरून देते.

धोम_धरण
ताई, नेकी और पूछ पूछ. सगळी पानं टाकली आहेत. १९९४ ते २००९. गुरुजींचं अक्षर मोत्यासारखं आहे, प्रत्येक ओळीत तारीख, मीटर, लिटर, आणि शेवटी कधीकधी 'ऑ. अर्धा' (अर्धा लिटर ऑइल घातलं असावं) असं काहीतरी.

ताळेबंद
भरलं. फारच शिस्तीचा माणूस. जे दिसतंय ते सांगते, गाडीतलं मला काही कळत नाही, अर्थ तुम्ही लावा.

१. १९९४ पासून १९९८ च्या मेपर्यंत ॲव्हरेज लिटरला १२ च्या आसपास. जून १९९८ पासून एकदम साडेनऊ. हळूहळू उतरलं नाही, एका महिन्यात पडलं, आणि मग काही वर्षं तिथेच.

२. २००० मध्ये काही महिने मीटर प्रत्येक ओळीत ६४,२१८ च आहे. पेट्रोल मात्र चालू, एकूण १४० लिटर. साडेनऊच्या हिशेबाने साधारण १,३०० किलोमीटर मीटरवर आलेच नाहीत.

३. 'ऑ. अर्धा' ही नोंद आधी क्वचित. २००१ पासून दर दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला. २००३ च्या पावसाळ्यात जवळजवळ प्रत्येक ओळीला.

४. ९ ऑगस्ट २००३ ला मीटर ७९,४८०. त्यानंतरची ओळ थेट ४ ऑक्टोबर, ७९,५०९. मधले आठ आठवडे कोरे, गाडी फक्त २९ किलोमीटर चालली. आणि पुढे ८०,०१५ ला 'ऑइल पूर्ण बदली' अशी नोंद. त्या ओळीनंतर वही संपेपर्यंत 'ऑ. अर्धा' एकदाही नाही.

५. शेवटची ओळ २००९, मीटर ९८,९००.

उद्यमनगर_वाला
ताई, तुम्हाला गाडीतलं कळत नाही म्हणता? मानलं राव!

बघा मंडळी. आठ आठवडे गाडी उभी. मग पाचशे किलोमीटर झाल्या झाल्या ऑइल पूर्ण बदललं. चालत्या इंजिनाचं ऑइल पाचशेला कुणी बदलत नाही. नवीन बोअर, नवीन रिंगा घातल्या की रनिंगमध्ये धातूचा कीस सुटतो, म्हणून पहिलं ऑइल पाचशेला काढून टाकायचं असतंय. ऑगस्ट-सप्टेंबर २००३ मध्ये हे इंजिन उघडलंय, लिहून देतो. आणि ऑक्टोबरात पासिंग होतं, काका म्हणाले तसंच.

ते मीटर अडकलेलं म्हणजे केबल तुटलेली. पद्मिनीचं नेहमीचं दुखणं.

ॲव्हरेजचं मात्र कोडं आहे. इंजिन थकलं तर ॲव्हरेज असं एका रात्रीत पडत नाही.

धोम_धरण
कोडं सुटलं! मुलाला फोन केला. गुरुजींची जून १९९८ मध्ये पाचगणीला बदली झाली. राहायला वाईतच, रोज पसरणी घाट चढायचा आणि उतरायचा. तांबडी माती पण तिथलीच. २००५ ला निवृत्त झाले.

ताळेबंद
थांबा, २००५ नंतरचं पुन्हा बघते. हो, २००५ च्या जूननंतर ॲव्हरेज परत साडेअकरा-बाराला गेलंय. मी ते कामाचा परिणाम समजून सोडून दिलं होतं.

आणि ते २९ किलोमीटर. वाई-पाचगणी अंतर किती? बारा-तेरा ना? म्हणजे गाडी वर बंद पडली असावी, खाली आणली, नंतर परत वर गेली आणि थोडी ट्रायल. गॅरेज वाईतलंच असणार.

घाटपायथा
वाईत त्या काळी फियाटचं काम करणारे मिस्त्री हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. धोमराव, बाजारात विचारत गेलात तर सापडेल माणूस.

निवांत_सुमा
रंगाचं पण लग्नाच्या अल्बममधून कळेल. प्रत्येक घरच्या अल्बममध्ये वरातीच्या किंवा पाठवणीच्या फोटोत मागे घरची गाडी उभी असतेच. मुलाला विचारा.

धोम_धरण
सुमाताई, मुलाने दोन फोटो पाठवले. १९९६, त्याच्या बहिणीचं लग्न: गाडी आकाशी, बोनेटवर झेंडूच्या माळा. २००४, नातवाची मुंज: गाडी क्रीम. म्हणजे रंगही २००३ च्याच पासिंगला.

मिस्त्रीही सापडले. वय झालंय, गॅरेज आता मुलगा चालवतो आणि तिथे फक्त मारुती, ह्युंदाई. गाडी दारात उभी केली तर बाहेर येऊन त्यांनी पहिलं काय केलं असेल? मागच्या डाव्या दारावर बोटाच्या पेराने टकटक केलं आणि म्हणाले, "हे माझं." मग हेडलाइटकडे बघून, "हे माझं नाही."

त्यांनी सांगितलेलं: गुरुजींची गाडी घाटात एका एसटीला बाजू देताना डावीकडून कठड्याला घासली. दार आणि त्यामागचा पत्रा गेला. दार त्यांनी कुर्ल्याच्या भंगारातून आणलं, काच दारातच होती. (खरंच, त्या एका काचेवर वेगळ्याच कंपनीचा छाप आहे, बाकी सगळ्या सारख्या.) आणलेलं दार वेगळ्या रंगाचं होतं, म्हणून सगळी गाडीच क्रीम केली. आणि इंजिन? "बोअर माझ्यासमोर केलेलं. साताऱ्याला पाठवलं होतं. हेडला व्हॉल्व्हचे सीट पण नवीन घातले, पेट्रोलमधलं शिसं गेलं होतं ना तेव्हा."

मुलाला हे काहीच माहीत नव्हतं, तो तेव्हा हॉस्टेलला होता.

उद्यमनगर_वाला
मिस्त्री अस्सल. देशभर बिनशिशाचं पेट्रोल २००० पासून आलं. जुन्या इंजिनांचे व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह जिथं टेकतो ती कडी) त्या पेट्रोलवर खचायचे. कडक सीट घालणारा माणूस म्हणजे काम समजून करणारा.

आता हिशेब करा. ७९,५०९ ला बोअर. आज मीटर किती?

धोम_धरण
०४,३१२. पाच आकडीच आहे, म्हणजे फिरून आलेलं.

ताळेबंद
२००९ ला ९८,९००. म्हणजे आत्ता १,०४,३१२. बोअर झाल्यापासून २४,८०३ किलोमीटर, त्यातले २००९ नंतरचे जेमतेम साडेपाच हजार. मधे पुन्हा केबल तुटली नसेल असं धरून.

उद्यमनगर_वाला
पंचवीस हजारात एवढं चांगलं केलेलं बोअर झिजत नाही. ही गाडी चालून नाही, उभी राहून बिघडली आहे. रिंगा खाचेत चिकटल्या असणार. कॉम्प्रेशन केलं का?

धोम_धरण
केलं. १ आणि ४ बरे. २ आणि ३ कोरडे असताना बरेच कमी, ऑइल सोडल्यावर दोन्ही वर आले.

उद्यमनगर_वाला
म्हणजे रिंगाच. आधी प्लग काढून चारही सिलिंडरमध्ये रिंग सोडवणारं औषध घाला, दोन-तीन दिवस मुरू द्या, मधेमधे हाताने इंजिन फिरवा. मग ऑइल बदलून घाटात नेऊन आणा. सुटल्या तर सुटल्या. नाही सुटल्या तर हेड आणि चेंबर उघडून नुसत्या रिंगा बदला, बोअर मायक्रोमीटरने मोजून बघा. मोजल्याशिवाय कुणाला बोअर करू देऊ नका.

पेठेतला_पुणेकर
माझी टवाळी मागे घेत नाही, पण धागा मस्त झालाय. पुढे काय ते लिहा.

धोम_धरण
अपडेट. औषधाने ३ नंबर सुटला, २ नंबर नाही. वाईच्याच गॅरेजात उघडलं, म्हातारे मिस्त्री शेजारी खुर्ची टाकून बसले होते. पिस्टनच्या डोक्यावर ०.४० कोरलेलं, म्हणजे मूळ मापापेक्षा ०.४० मिमी मोठा. २ नंबरच्या दोन रिंगा काळ्या डिंकात बसल्यासारख्या चिकटलेल्या, सिलिंडरच्या भिंतीवर होनिंगच्या (बोअरनंतर भिंत घासल्याच्या) तिरप्या रेघा अजून दिसतात. माप घेतलं, झीज हद्दीत. नवीन रिंगा त्याच मापाच्या, हलकं होनिंग, बस.

०.४० म्हणजे आधी ०.२० चं बोअर पण झालं होतं का?

उद्यमनगर_वाला
असंच काही नाही. भिंतीला खोल ओरखडा असला की थेट ०.४० ला जातात. खालचे बेअरिंगचे शेल काढले असतील तर त्यांच्या पाठीवर बघा, अंडरसाइझचा आकडा असतोय, म्हणजे क्रँक घासून किती बारीक केलाय ते. तिथं स्टँडर्ड असंल तर क्रँकला कधी हात लागलेला नाही, म्हणजे मुंबईच्या काळात पूर्ण काम झालं नव्हतं, हे बऱ्यापैकी धरता येईल.

धोम_धरण
०.२५ आहे. पण मिस्त्री म्हणतात क्रँक त्यांनीच २००३ ला ग्राइंड करून घेतला. म्हणजे १९८८ ते ९४ बद्दल काहीच कळत नाही.

उद्यमनगर_वाला
मग ते राहू दे. त्या कंपनीचा ड्रायव्हर शोधायला जाऊ नका म्हणजे झालं.

सर्व्हेअर_काका
इंजिन झालं, आता रंगाचं. आरसीवर आकाशी आणि गाडी क्रीम असेल तर पुढच्या पासिंगला, किंवा विकताना, अडवतील. २००३ च्या शिक्क्याच्या पानाचा मोठा फोटो टाका.

धोम_धरण
टाकला. शिक्क्याखाली काहीतरी निळ्या शाईने लिहिलंय, मला 'रं. ब.' इतकंच लागतंय.

सर्व्हेअर_काका
'रं. ब. क्रीम' आणि खाली निरीक्षकांची सही. रंगबदलाची नोंद रीतसर झालेली आहे. गुरुजी शिस्तीचे होतेच. हे पान आरटीओत दाखवा आणि बॅकलॉग एंट्री करताना रंग क्रीमच चढवायला सांगा. पहिल्या पानावरून आकाशी उचलला की पुन्हा वेगळा अर्ज आणि वेगळी फी. पुस्तक त्यांच्याकडे देण्याआधी प्रत्येक पानाची रंगीत झेरॉक्स काढून ठेवा.

शंकासुर
हेडलाइट कुणाचे ते राहिलंच की! मिस्त्री म्हणाले ना, "हे माझं नाही."

धोम_धरण
तेच शोधतोय. २०१८ च्या पासिंगच्या आधीचं एक बिल पिशवीत आहे, गॅरेजचं नाव फाटलेलं आहे. 'लाइट २ नग' एवढं वाचता येतं. सातारा भागात तेव्हा पद्मिनीचे लाइट कुठे मिळायचे, कुणाला माहीत आहे का?